जावईबापूंचा लाल रंग

६ मार्च, शुक्रवार. मिरची पावडरच्या पुड्यांची लेबलं छापायची होती, बाराशे. लाल जमिनीवर पांढरी अक्षरं आणि मधोमध एक पांढरी मिरची. इतकं साधं काम की अकरापर्यंत ते उरकून शाळेच्या प्रगतिपुस्तकांना हात घालायचा, असं मी ठरवलं होतं. प्रगतिपुस्तकं त्या दिवशी जिथल्या तिथेच राहिली.

आमची प्रेस नंदुरबारात सासऱ्यांच्या वेळेपासून आहे. गेली वीसेक वर्षं मी चालवते. एका रंगाचं लहान ऑफसेट मशीन, एक रंगीत डिजिटल मशीन, एक कॉम्प्युटर आणि एक मशीनमॅन. मशीनमॅन साठीचे आहेत, सासऱ्यांनी ठेवलेले. मी त्यांना नाना म्हणते, ते मला वहिनी म्हणतात, आणि दोघांनाही एकमेकांचं काम आपल्याला जास्त कळतं असं वाटतं.

वीस वर्षांत गिऱ्हाइकांबद्दल मी एवढंच शिकले की लोकांना रंग कळत नाही, उजेड कळतो. फोनच्या काचेमागे दिवा असतो. कागदामागे टेबल असतं. फोनमधला लाल स्वतः उजळतो, कागदावरचा लाल खोलीत असेल तेवढ्याच उजेडावर भागवतो. दोन्ही सारखे दिसणं कठीण असतं, आणि काही रंगांच्या बाबतीत तर अशक्यच. हे मी रोज कुणाला तरी सांगते. ऐकणारा मान डोलावतो, फोनचा ब्राइटनेस आणखी वर नेतो आणि तोच फोन पुन्हा माझ्या नाकासमोर धरतो.

एका कार्यकर्त्याने वाढदिवसाच्या बॅनरवर आपल्या नेत्याचा निळा कोट जांभळा आला म्हणून माझ्याच दुकानात माझ्याच खुर्चीवर बसून तासभर तमाशा केला होता. फोनवर तो निळा झळझळीत दिसत होता. तसला निळा शाईत उतरत नाही, जांभळ्याकडे झुकतो, हे मी त्याला छापायच्या आधी सांगितलं होतं. त्याने तेव्हा ऐकलं नव्हतं, कारण तो कोट कसा दिसतो हे ग्रुपवर टाकण्यात गुंतला होता. बॅनर चौकात लागला. लोकांनी नेत्याचं तोंड पाहिलं, कोट कुणी पाहिला नाही. तरी कार्यकर्ता मला अजून ओळख देत नाही. माझं काही अडलेलं नाही.

तर लेबलं. ती ज्यांची होती त्या अक्का तापीकाठच्या एका गावातल्या बचत गटाच्या अध्यक्ष. पंचावन्नच्या आसपास वय, घरची शेती, हाताला कायम मिरचीचा झोंबता वास. गटात आता अकरा बायका. आधी बारा होत्या. बाराव्या बाईला गेल्या वर्षी काढलं, का ते पुढे येईलच.

या बायका ओली लाल मिरची बाजार समितीत नेऊन टाकण्याऐवजी स्वतः वाळवतात, देठ खुडतात, दळतात आणि पारदर्शक पुड्यांत भरतात. विसरवाडीला महामार्गाच्या फाट्यावर एक दुकानदार आहे. तिथे सुरतेकडे जाणाऱ्या बसेस आणि गाड्या थांबतात, लोक चहा पितात आणि जाताना मिरची-मसाला घेतात. त्या दुकानदाराने गेल्या वर्षी या बायकांना एक फळी दिली होती. महिन्याभरात सगळा माल परत. म्हणाला, रंग उतरलेला आहे, माल जुना वाटतो, गिऱ्हाईक हात लावत नाही. यंदा अक्का त्याच्या पाया पडायच्याच बाकी होत्या. शेवटी त्याने सांगितलं, सोमवारी माल आणा, यंदा परत गेला तर पुढे माझ्या दुकानाची पायरी चढू नका. दुसरी फळी कुणाकडे नव्हती. ती गेली की बायका पुन्हा दुसऱ्याच्या पथारीवर, म्हणजे मिरची वाळवायच्या मैदानात, मजुरीने देठ खुडायला बसणार होत्या.

अक्का साडेनऊला आल्या. एका हातात पावडर भरलेली पुडी, दुसऱ्या हातात फोन. पिशवीसकट बाकावर बसल्या आणि फोन माझ्यापुढे धरला.

"ताई, फोनमा जसं दिसस ना, तसंच पायजे. जवाईबापूस्नी करेल शे."

थोरल्या मुलीचं लग्न यंदाच झालेलं. लग्नानंतरची पहिली होळी म्हणून मुलगी-जावई माहेरी आलेले. जावयाला पुरणपोळी, साखरेचा हार, नवे कपडे, सगळं झालं. मग दुपारी खाटेवर आडवं पडल्या पडल्या जावयाने फोनवर लेबल तयार केलं. मान जावयाचा, तेव्हा लेबलही मानाचं. घरातल्या ग्रुपवर टाकलं आणि पंचेचाळीस नातेवाइकांनी अंगठे दाखवले. त्या पंचेचाळीसांतल्या एकानेही आयुष्यात एक पुडी विकलेली नाही.

"काय काम करतस जवाईबापू?" मी विचारलं.

"पुनाले मोठी कंपनीमा शेतस. काय करतस ते माले समजत नही. पन दिनभर कॉम्प्युटरसमोर ऱ्हातस."

"आपला वीज बिलवाला बी दिनभर कॉम्प्युटरसमोरच बठस," नाना मशीनमागून म्हणाले.

अक्कांनी ऐकू आलं नाही असं दाखवलं.

मी फाइल कॉम्प्युटरवर घेतली. फोनवरचा लाल एक, माझ्या मॉनिटरवरचा दुसरा. माझ्या फोनवर पाहिला तर तिसरा. नानांना त्यांच्या फोनवर उघडायला सांगितला. डोळ्यांच्या डॉक्टरने सांगितल्यापासून त्यांनी पडदा कायमचा पिवळा करून ठेवलाय, त्यांच्याकडे तो चक्क नारिंगी होता. मी तिन्ही फोन काउंटरवर ओळीत मांडले, मॉनिटर त्यांच्याकडे वळवला आणि अक्कांना म्हटलं, "सांगा, यातला जवाईबापूंचा कोणता?"

अक्कांनी जराही विचार न करता स्वतःच्या फोनवर बोट ठेवलं. "हाऊ. मन्हा फोनवरच भेजेल व्हता."

मी फोन बाजूला सारले.

डिजिटल मशीनवर एक कागद काढला. आला तसा आला. विटकरीकडे झुकलेला, पिकल्या टोमॅटोच्या दुसऱ्या दिवसासारखा. मशीनमध्ये चारच रंगांची भुकटी असते, त्यातून जो लाल निघतो तो असाच निघतो. अक्कांनी तो कागद फोनशेजारी धरला आणि त्यांचं तोंड उतरलं.

"असा नही ना ताई. हाऊ तं मरेल दिसस."

"फोनमा दिवा शे अक्का. कागदमा दिवा नही."

"वहिनी," नाना म्हणाले, "आते कागदमा बल्ब बसाडानं मशीन लई या."

अक्कांनी जावयाला फोन लावला आणि माझ्या हातात दिला. आधी डोक्यावरचा पदर सारखा केला, जसा काही तो फोनमधून दिसणारच होता.

जावई आवाजाने तिशीच्या आत. गुळगुळीत बोलणं. "मॅडम, तुमचा मॉनिटर कॅलिब्रेट केलेला आहे का?"

मी म्हटलं, "पाहुणे, मॉनिटर चांगला आहे. छपाईत तुमचा हा लाल येत नाही. जरा उतरवून घ्या."

"नाही नाही, येतो. पुण्यात येतो. असं करा ना, प्रिंटचा फोटो काढून पाठवा, मी इथून चेक करतो."

मी फोन कानापासून दूर धरून क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. कागदावरचा रंग फोनसारखा येतो का हे पाहायला कागदाचा फोटो काढायचा आणि तो फोनवर पाहायचा. मधे माझा कॅमेरा, दुकानातली ट्यूबलाइट आणि त्यांचा पडदा. एवढ्या तीन ठिकाणी रंग बदलल्यावर माणूस पुण्यात बसून निकाल देणार. आणि हा माणूस कुठल्यातरी कंपनीत दिवसभर बसतो आणि ती कंपनी चालते.

फोटो पाठवला. उत्तर आलं, खूप डल आहे. मी फाइलमध्ये लाल वाढवला, पिवळा कमी केला, पुन्हा कागद काढला, पुन्हा फोटो. उत्तर आलं, आता गुलाबी वाटतोय. तिसऱ्या वेळी मी कागद काढलाच नाही. जावयाने पाठवलेली मूळ फाइलच कडेने थोडी कापली आणि "आता बघा" म्हणून त्यांची त्यांनाच परत पाठवली.

दोन मिनिटांनी उत्तर. "आधीपेक्षा खूपच बेटर. पण अजून दहा टक्के कमी आहे."

"काय म्हने?" नानांनी विचारलं.

"त्यांनी स्वतः केलेला लाल त्यांना दहा टक्के फिका वाटतोय."

नाना इतके हसले की त्यांना चष्मा काढावा लागला. अक्का हसल्या नाहीत. त्यांनी पदराच्या टोकाने फोनची काच पुसली. काच स्वच्छ होती. मग म्हणाल्या, "ताई, तुम्ही हसी ऱ्हायनात. पन सोमवारले मी त्या दुकानदारसमोर उभी ऱ्हासू. तुम्ही नही."

ते खरं होतं. मी हसणं थांबवलं.

नानांना मात्र आता चेव चढला होता. डिजिटल मशीनशी त्यांचं जुनं वैर आहे, ते मशीन हरलं की त्यांना बरं वाटतं. "वहिनी, तुम्ही सरका. प्लेट करा. मी शाई बनाडस."

ही गोष्ट खरी आहे की चार रंगांच्या मशीनला जे जमत नाही ते हाताने घोटलेल्या शाईला कधीकधी जमतं. नानांनी काचेची पाटी पुसली, दोन सुऱ्या घेतल्या आणि कपाटाच्या तळातून एक डबा काढला. आत चमकणारी गुलाबी शाई होती. कधीकाळी जत्रेतल्या सर्कशीची, मौत के कुएँची पोस्टरं छापायला घेतलेली. लांबून डोळ्यांत घुसते ती शाई. नानांनी वरची साय खरवडून फेकली, खालची मऊ शाई घेतली, तीत लाल घातला, चिमूटभर पिवळा, पुन्हा लाल. सुरीने ओढायचे, दुमडायचे, पुन्हा ओढायचे. बोटावर घेऊन कागदावर थापटायचे आणि अक्कांच्या फोनशेजारी धरायचे. पाच-सहा वेळा झालं. एरवी नानांना कामाला लावायला दोनदा हाक मारावी लागते, पण त्या अर्ध्या तासात त्यांनी मान वर केली नाही.

प्लेट चढवली. पन्नास कागद वाया गेल्यावर रंग बसला. नानांनी ओला कागद दोन बोटांत धरून आणला आणि काउंटरवर फोनशेजारी ठेवला.

खरोखर सारखा होता. वीस वर्षांत इतका सारखा मी पाहिला नव्हता. कागद जणू स्वतःच पेटला होता.

"हाऊच!" अक्का उभ्याच राहिल्या. "हाऊच रंग! नाना, तुमना हातले सोनं लावाले पायजे."

"सोनं नको, च्या सांगा," नाना म्हणाले, पण मान ताठ झाली होती.

जावयाला फोटो गेला. फोटोत तो लाल जरा पांढुरकाच आला होता, फोनच्या कॅमेऱ्याला तो झेपतच नव्हता. तरी उत्तर आलं, "येस! हाच! बघा मॅडम, जमतं. थोडा फॉलोअप घ्यावा लागतो."

मी ते अक्कांना वाचून दाखवलं नाही. नानांनाही नाही. नानांनी मग खरंच मशीन बंद केलं असतं.

पंखा सोडून शे-दीडशे लेबलं वाळवली. एक कापून घेतलं, मागचा कागद सोलला आणि अक्कांनी आणलेल्या पुडीवर मी स्वतःच्या हाताने चिकटवलं. पुडीच्या खालच्या अर्ध्यावर लेबल, वरच्या अर्ध्यात पावडर दिसते.

पुडी काउंटरवर उभी केली. तिघेही पाहत राहिलो.

लेबलाच्या वर पुडीत जे होतं ते मिरचीसारखं दिसतच नव्हतं. कौलाचा चुरा भरलाय असं वाटत होतं. दोन-तीन वर्षं डब्याच्या तळाला राहिलेलं काहीतरी, जे सुनेला टाकून द्यायला सांगतात ते.

अक्कांनी पुडी उचलली आणि तडक दाराबाहेर गेल्या. ओट्यावर, सावलीत. मिरची उन्हात पाहायची नसते, उन्हात कुठलीही मिरची चांगली दिसते, हे या भागात कुणालाही सांगावं लागत नाही. पुडीचं तोंड सोडलं, चिमूटभर पावडर डाव्या तळहातावर घेतली आणि अंगठ्याने पसरली. तळहातावर ती लालभडक होती. बघूनच नाकात झिणझिण्या याव्यात अशी. मग त्यांनी तळहात लेबलाशेजारी नेला. तीच पावडर डोळ्यांदेखत तपकिरी झाली. हात दूर नेला, लाल. जवळ आणला, तपकिरी. त्यांनी तीन वेळा करून पाहिलं.

"मरी गयी व ताई," त्या म्हणाल्या. "मन्ही मिरची मरी गयी."

मी आत येऊन गेल्या वर्षीच्या फायलीतून त्यांच्याच गटाचं जुनं लेबल शोधलं. तेही लालच. मीच छापलेलं. मिरची म्हणजे लाल, एवढाच विचार तेव्हा केला होता, आणि केला म्हणणंही जास्तच आहे. डिजिटलवर शक्य तितका भडक करून दिला होता. पुडीला लावून पाहिलं. यंदाइतकं वाईट नाही, पण पावडर शिळी वाटायला पुरेसं. विसरवाडीच्या माणसाला माल जुना वाटला त्यात त्याची चूक नव्हती. त्याच्या दुकानात पांढरी ट्यूबलाइट आहे, तिच्याखाली तर आणखीच.

मी ते लेबल अक्कांपुढे ठेवलं. "हे मी छापलं होतं."

अक्कांनी ते उचलून पुडीशेजारी धरलं. मग खाली बाकावर बसल्या.

"तिले काढं आम्ही," त्या म्हणाल्या.

बारावी बाई. माल परत आल्यावर गटात शोध सुरू झाला होता, कुणाची मिरची ओलसर होती, कुणी जुनी मिसळली. बोट एकीकडे गेलं, कारण तिच्या घराचं छत गळतं आणि ती नवऱ्याशिवाय एकटी राहते. तिने शपथ घेतली, रडली. दहा बायकांनी हात वर केले आणि अकराव्या अक्का, अध्यक्ष. विनाकारण एक बाई चोर ठरली होती, आणि कारण माझ्या फायलीत एका प्लॅस्टिकच्या पिशवीत पडून होतं.

"आज सांजले तिन्हा घर जासू मी," अक्का म्हणाल्या. तिथे माझ्या बोलण्याचं काम नव्हतं.

काम लेबलाचं होतं. मी रद्दीचं खोकं ओढलं. प्रेसमध्ये रद्दीला तोटा नसतो. पुडीवरचं लाल लेबल सोललं, ती मधे ठेवली आणि तिच्या खालच्या अर्ध्यावर एकेक तुकडा धरत गेले. लग्नपत्रिकेचा पिवळा. पावडर मळकट. दवाखान्याच्या फायलीचा निळा. बरी, पण औषध वाटत होती. साडीच्या दुकानाची राणी रंगाची पिशवी. पुन्हा कौलाचा चुरा. कृषी केंद्राच्या बिलबुकाचं गडद हिरवं कव्हर लावलं आणि मी स्वतःच थांबले.

पावडर वर उसळून आल्यासारखी दिसली. नुकती जात्यातून पडावी तशी.

"थांबा," अक्का म्हणाल्या. उठून जवळ आल्या. कव्हर स्वतःच्या हाताने बाजूला केलं, पुन्हा लावलं. "हाई तं देठ शे."

"काय?"

"देठ व ताई. ओली मिरची देठसकट ढिगमा ऱ्हास ना, तवय कशी लाल दिसस! आमी देठ खुडतस, आन तीच मिरची दुसरा ढिगमा टाकी की लगेच एक हात खाली उतरस. आमले वाटे, खुडाले बठनूत म्हनीसन डोया थकनात. ते डोया नव्हतात. देठ व्हता तो."

जन्मभर देठ खुडलेली बाई बोलत होती. तिला हे आधीपासून माहीत होतं. पंचेचाळीस अंगठ्यांपैकी एकाने तिला विचारलं असतं तर तिने होळीच्या दिवशीच सांगितलं असतं. मी तरी कुठे विचारलं होतं? दोन वर्षं ती माझ्या बाकावर बसून चहा पीत होती आणि मी तिला फोनमधल्या दिव्यावर व्याख्यान देत होते.

"हिरवी छापी तर लोके हिरवी मिरचीनी पावडर समजतीन," नाना कुरकुरले. अर्धा तास घोटलेली शाई वाया चालली होती, दुःख त्याचं होतं.

"आतला माल दिसतोय ना नाना, लोक आंधळे नाहीत."

"मंग फोनवाला काय शेतस?"

प्लेट तीच चालणार होती. अक्षरं पांढरी, मिरची पांढरी, फक्त शाई बदलायची.

मी फोन उचलला. जावयाला चार गोष्टी सांगायच्या असं सकाळपासून तोंडात घोळत होतं. कॅलिब्रेशनवर एक, फॉलोअपवर एक, खाटेवर पडून मिरची विकण्यावर दोन. नंबर लावणार तेवढ्यात अक्कांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. चांगला घट्ट.

"नका लावू."

"का? त्यांना कळू द्या की."

"ताई, तुमले राग येस, तुम्ही बोली मोकळ्या व्हसात. मन्ही आंडेर, मन्ही पोर, त्या घरमा शे. आते तीन महिना व्हयनात." त्यांनी हात काढला नाही. "लाल छापेल शेत ना? दीडशे? त्या माले द्या. पन्नास पुडीस्ले लाल लावसू. जवाईबापूना घर, त्यास्ना मामाना घर, मावशीना घर. त्यास्ना ग्रुपमा फोटू जाई. बाजारले हिरवी जाई."

"आणि ते विसरवाडीला आले कधी तर?"

"जवाईबापू? बसमाईन उतरीसन मिरची इकत लेवाले?" आता अक्का पहिल्यांदा हसल्या. "त्यास्ले घरपोच जास."

मी फोन खाली ठेवला. मला अपमान गिळायची सवय नाही. दुसऱ्याचा मान राखायची तर अजिबातच नाही. पण त्या बाईने दोन वाक्यांत जो हिशेब मांडला त्यात माझ्या रागाला जागा नव्हती. जावयाच्या घरात पन्नास पुड्या कौलाचा चुरा दिसत उभ्या राहणार, लेबल मात्र फोनमधल्यासारखं तंतोतंत. मला वाटतं ते त्यांच्याकडे कुणाच्याही लक्षात येणार नाही. ती माणसं पुडी पाहणारच नाहीत, पुडीचा फोटो पाहतील.

अक्का दुपारच्या बसने गेल्या. लाल लेबलं वर्तमानपत्रात गुंडाळून नेली. नानांनी जाताना त्यांना सांगितलं, "पुनाले सांगजा, हाऊ रंग नंदुरबारमा बनना." त्या दिवशी त्यांनी मला पुन्हा वहिनी म्हणून हाक मारली नाही, नुसतंच "ओ" म्हणत राहिले. शाई घोटून घेऊन ती वापरायची नाही, हा त्यांच्या लेखी माझा गुन्हा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला प्रेस उघडली. नानांच्या आधी. स्वतः रोलर रॉकेलने धुतले, दोनदा. लालाचा थेंब राहिला तर हिरव्याचा शेणरंग होतो. नाना आले, माझे हात पाहिले, हिरव्याचा डबा उघडला आणि त्यात काळ्याची एक सुरी घातली. बरोबर तेवढीच. पहिल्या शंभर कागदांतून दोन लेबलं वाळवून कापली, अक्कांनी ठेवलेली पुडी आणि जाताना पिशवीतून काढून दिलेली दुसरी अशा दोन पुड्यांना लावली, आणि बाकीचं छापायला नानांवर सोडून मी नवापूरची बस धरली.

फोटोवर माझा विश्वास नव्हता, माझ्या दुकानातल्या उजेडावरही नव्हता. विसरवाडीला उतरले, फाट्यावरच्या दुकानात शिरले आणि न विचारता दोन्ही पुड्या ट्यूबलाइटखाली, लाल वेष्टनांच्या मसाल्यांच्या ओळीत ठेवल्या. दुकानदार गल्ल्यावरून उठून आला. एक पुडी उचलली, हलवली, पुन्हा ठेवली. मग मागे सरून पाहिली.

"नवा माल शे का हाऊ? मागला साल असा नव्हता."

"मागला साल बी असाच व्हता," मी म्हटलं. "तुमले दिसना नही."

त्याने माझ्याकडे पाहिलं, पुडीकडे पाहिलं आणि कमरेएवढ्या उंचीवरची फळी हाताने मोकळी करू लागला. मी बाहेर ओट्यावर आले आणि ट्रकच्या आवाजात अक्कांना फोन लावून सांगितलं, उद्या हिरवी लेबलं लई जा, चिटकाडा.